वहिनींचं मानणं

वहिनींना खेळातसुद्धा खोटं बोलता येत नसे. आणि आमचा खेळ तर सोंग घेण्याचाच होता.

पुण्याला वसतिगृहात असताना मी तो शिकले आणि भोरला शाळेत नोकरी लागल्यावर घरी आणला. टेबलाभोवती बसून प्रत्येकानं एकेक पात्र व्हायचं. कुणी चोर, कुणी वैद्य, कुणी पळून आलेला शिपाई. एकानं गोष्ट सांगत संकटं आणायची. पात्रानं काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. जमतं की फसतं ते फाशावर. रविवारी दुपारी माझा दादा, शाळेतले दोन शिक्षक आणि मी बसायचो. गोष्ट मी सांगायची. तलवार, ताकद नंतर; आधी पात्र काय मानतं ते तीन वाक्यांत सांगा, असा माझा हट्ट असे. पुढे धक्के त्या वाक्यांनाच द्यायचे असतात.

दादानं झटक्यात सांगून टाकलं, "मित्रासाठी जीव देईन."

चहा ठेवता ठेवता वहिनी म्हणाल्या, "मानायचं म्हंजे येळ आल्यावर करायचं ना? मग इतक्या बिगीनं कसं सांगता?"

सगळे हसले. मी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

वहिनींचं माहेर पानशेतच्या वरच्या अंगाला, धनगरवस्तीत. वडील लवकर गेलेले. आईनं शेरडं राखून तीन लेकरं वाढवली. वहिनी खेळात नावाडीण झाल्या. "दारातनं कुनाला उपाशी धाडनार न्हाई" आणि "नावंत बसताना कुनाची जात इचारनार न्हाई", ही दोन वाक्यं त्यांना लगेच सुचली. तिसऱ्यासाठी त्यांनी कितीतरी रविवार घालवले. मग एकदा भाजी निवडताना हळूच म्हणाल्या, "वन्सं, 'माझं हाय ते कुनी गोड बोलून मागितलं म्हनून देनार न्हाई', आसं चालंल? बाईमानूस वंगाळ न्हाई ना दिसायची?"

मी गोष्टीत लगेच एक सरदार आणला. त्यानं नावाडिणीला 'ताई' म्हटलं, साडीचोळी दिली आणि तिची नाव मागितली. वहिनींनी फासा मुठीत घट्ट धरला.

"न्हाई म्हनायला फासा लागतो का?"

"नाही."

"मग न्हाई देत," असं म्हणून त्या स्वतःशीच हसल्या. चेहरा लाल झाला होता. "तोंडातनं निघालं की वो!"

त्याच वर्षी त्यांचे दोघे भाऊ आले. धरणाकाठच्या त्यांच्या जमिनीला पुण्याचं गिऱ्हाईक लागलं होतं, बंगला बांधायला. बहिणीची हक्कसोड हवी होती. थोरल्यानं साडी पुढे ठेवली. "आक्के, सही कर. भनी कुटं हिस्सा घेत्यात?"

"हिस्सा नकोच मला. पर आई त्याच तुकड्यावर ऱ्हाती. ती कुटं जानार?"

"आमी बगू की."

"काय बगनार ते आदी सांग."

"मग माहेर संपलं समज," म्हणत तो उठला. वहिनी साडी घेऊन फाटकापर्यंत त्याच्यामागे गेल्या आणि टेम्पोच्या सीटवर ठेवून आल्या. त्या दिवशी घरात कुणाला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

पुढचं जास्त वाईट होतं. जिच्यासाठी अडून बसल्या, त्या आईचाच फोन यायला लागला. शेजारणीच्या मोबाईलवरून ती रडे. "कर गं सही. पोरं माझ्याशी बोलत न्हाईत. म्या कुटंबी पडून ऱ्हाईन." वहिनी तिला भोरला बोलवत. ती म्हणे, शेरडं कुणावर टाकू?

एकदा वहिनींनी विचारलं, "वन्सं, मानलेल्या दोन गोष्टी एकमेकींवर उठल्या, तर खेळात काय करायचं?"

"एक धरायची, दुसरी सोडायची."

"आनि दोन्हीबी आईच असंल तर?"

त्यांनी सही केली नाही.

थंडीत आई गेली. भावांनी कळवलं नाही, शेजारणीनं कळवलं. आम्ही पोचलो तेव्हा चिता विझत आली होती. भाऊ पाठ करून उभे राहिले. परतताना गाडीत वहिनी एवढंच म्हणाल्या, "तिच्या घरातनंच गेली ती." त्या आम्हाला सांगत होत्या की स्वतःला, कळलं नाही.

त्यानंतर त्या खेळायला बसल्या नाहीत. आम्हीही हळूहळू बसेनासे झालो.

माझं लग्न ठरलं तेव्हा दादा एक कागद घेऊन आला. "वडिलांच्या जमिनीचं आहे. इथं सही कर." मी पेन उघडलंसुद्धा. वहिनी आतून हात पुसत आल्या.

"वन्सं, आदी वाचा. मोठ्यानं."

हक्कसोडच होती ती. मी वाचत होते आणि दादा खाली बघत होता. मग त्यानं कागद काढून घेतला. वहिनींना म्हणाला, "तुझं माहेर मोडलंस, आता हेही मोड."

"मोडत न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमी मोडू नका म्हनती."

सातबाऱ्यावर माझं नाव राहिलं. दादा बरेच महिने वहिनींशी धड बोलला नाही. माझ्याशी मात्र पूर्वीसारखाच आहे. आता मी साताऱ्याला असते आणि दर भाऊबीजेला भोरला जाते. पाट वहिनीच मांडतात, तबक त्याच आणून देतात. मी दादाला ओवाळायला लागले की त्या मागच्या दारी जाऊन उभ्या राहतात. मी हाक मारेपर्यंत आत येत नाहीत.