दोरीपलीकडची हाक

दुसऱ्या महायुद्धात पुण्याच्या ट्रान्झिट कॅम्पात आमच्या प्लाटूनला पोस्टिंग ऑर्डर मिळाली. जायचं कुठं ते सांगितलं नाही. मुंबईचं बंदर एवढंच कळलं, पुढचं ज्यानं त्यानं ओळखलं. सकाळी ट्रूप स्पेशलमध्ये, म्हणजे फौजेच्या खास गाडीत, चढलो. सुभेदारसाहेबांचे हुकूम दोन : शटर खाली, आणि कोणी उतरायचं नाही.

गाड्यांच्या वेळा गुप्त होत्या. पण मावळातल्या बायकांना एक गोष्ट ठाऊक होती. घाट उतरण्याआधी ब्रेक तपासायला प्रत्येक गाडी लोणावळ्याला थांबतेच. म्हणून त्या रोज फडक्यात भाकरी बांधून स्टेशनावर येत, दिवसभर उभ्या राहत आणि संध्याकाळी चालत परत जात. आज रॉकेलच्या रांगेत कुरकुरणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पण वाट पाहणं काय असतं, ते मी त्या बायकांकडं पाहून शिकलो.

लान्स नाईक सखाराम शेजारच्या डब्यात होता. गाव मळवली. कंपनीत मळवलीचा तो एकटाच. तो रजेवरून परतल्यावर त्याला मुलगी झाली होती. ती त्यानं अजून पाहिली नव्हती.

लोणावळ्याला गाडी थांबली ती थांबलीच. कुणा बड्या अधिकाऱ्यांची स्पेशल आधी सोडायची होती. शटरबंद डब्यात आम्ही घामानं भिजलो. मला पाण्याच्या बादल्या घेऊन नळावर धाडलं. प्लॅटफॉर्मच्या टोकाला मिलिटरी पोलिसांनी दोरी बांधली होती. आमच्याच मुलखात आमच्याच बायका त्या दोरीमागं. याचा राग मला आजही येतो.

दोरीपाशी हसणं चाललं होतं. एक तरुण बाई लेकरू कडेवर घेऊन उभी होती. पोलिसांतला उत्तरेकडचा एक हवालदार तिला पुन्हा पुन्हा विचारत होता, "नाम बताओ. नाम बोलो, बुलाता हूँ." माणूस वाईट नव्हता, नियम मोडून बोलवायला तयार होता. पण ती नवऱ्याचं नाव कसं घेणार? पोरीचा बाप, एवढंच ती म्हणत होती. तिच्यासाठी नाव सांगेल अशी ओळखीची शेजारीण त्या दिवशी आली नव्हती. एक म्हातारी म्हणाली, "उखान्यात घे की मग, लगनात घेतलंवतंस तसं." बायका पुन्हा हसल्या. हिनं मान खाली घातली. दोरी सरकारची होती, पण तिच्या तोंडाला कुलूप आम्हीच घातलं होतं.

मी विचारलं, "वैनी, गाव कुटलं?"

"मळवली."

मी बादल्या तिथंच टाकल्या आणि पळालो. डब्याशी पोचतो तोच सिग्नल पडला. "सखाराम, तुझी मंडळी आलीय," एवढं ओरडून मी माझ्या डब्याच्या दांडीला लटकलो. त्यानं हुकूम मोडून शटर वर केलं. गाडी हलली होती. मध्ये पोलीस होते, गर्दी होती. त्याला ना बायको दिसली, ना मुलगी.

तेवढ्यात हाक आली. "सखाराम!" सगळ्या स्टेशनासमोर, खणखणीत. पुन्हा एकदा, "ओ सखाराम!" दोरीपाशी बायकांचं हसणं थांबलं होतं.

इटलीत एका नदीच्या काठी आम्ही हल्ल्याच्या हुकमाची वाट पाहत चिखलात पडून होतो. वायरलेसवर परत परत एकच उत्तर : "वेट. आउट." म्हणजे थांबा, बोलणं संपलं. सखाराम कुजबुजला, "तिच्या तोंडनं माजं नाव कदी ऐकलं नव्हतं रं. ऐकलं, अन् माजी वाचाच बसली. ओ द्यायची ऱ्हायली."

हुकूम आला. आम्ही नदी उतरलो. पलीकडं आमच्या प्लाटूनच्या हवालदारानं हजेरी घेतली. सखारामच्या नावापाशी तो थांबला, मग पुढचं नाव घेतलं.

लढाई संपल्यावरही बोटीसाठी आम्हाला कित्येक महिने कॅम्पात कुजवलं. सुटलो तसा मळवलीला गेलो. काय सांगायचं ते वाटेत मनाशी जुळवलं होतं. वहिनींनी त्यातलं काही विचारलं नाही. गोळी कुठं लागली, त्रास झाला का, काही नाही. पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि म्हणाल्या,

"भाऊ, माजी हाक त्यास्नी ऐकू गेली का?"

"व्हय वैनी. ऐकली त्यानं. मला सांगितलं."

त्या दाराच्या चौकटीला टेकून खाली बसल्या. अंगणात त्यांची मुलगी धुळीत खेळत होती.