शामरावांच्या सेटचं झाकण

भूत, भानामती, संकेत... यातलं काहीही मी मानत नाही. आजही नाही. नांदुऱ्याला आमच्या घरात खेळण्यांपेक्षा अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं जास्त होती. बाबा लिहायचे, मी बसस्टँडवर वाटायचे. ‘पुरावा दाखवा, मग बोला’ हे वाक्य मी पाढ्यांच्या आधी शिकले. त्यामुळे गूढ अनुभवांच्या या सदरात लिहिताना मान खाली जाते. तरी लिहिते, कारण या प्रकरणात पुरावा मीच दडवला.

रेडिओ लहरींवर देखरेख ठेवणाऱ्या एका कार्यालयात मी कंत्राटावर काम करते. कोणती फ्रिक्वेन्सी कोणी वापरायची हे ठरलेलं असतं. त्यात कोणी घुसलं, तर अँटेनाची गाडी घेऊन आम्ही त्याला शोधतो. लहरी कोणाच्या बापाच्या नाहीत, सगळ्यांच्या आहेत. हे मी नोकरी म्हणून नाही, मनापासून मानते.

मागच्या उन्हाळ्यात तक्रार आली – खामगाव भागावरून जाणाऱ्या विमानांच्या वायरलेसवर दुपारी एका माणसाचा आवाज येतो. मेलसोबत काही सेकंदांची क्लिप होती. मी पोच पाठवली, क्लिप मात्र ऐकली नाही. फ्रिक्वेन्सी आणि वेळ कळली होती, मला तेवढं पुरेसं वाटलं.

आठ दिवसांनी मी आणि ड्रायव्हर गजूभाऊ पिंपळगाव राजाला पोचलो. तीन ठिकाणांहून सिग्नलची दिशा घेतली. तिन्ही रेषा एकाच जागी मिळाल्या – शामरावांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. शामराव सत्तरीचे. वरच्या फळीवर घरी बनवलेला ट्रान्समीटर.

“हा कोणाचा?”

“माहाच. भजनी मंडळाचे भजनं गावाले आयकवाचो. मंडळात भांडनं झाले, मंग देला ठेवून वर.”

“परवाना होता?”

“नव्हता,” ते सरळ म्हणाले.

मग मी भाषणच दिलं. विमानात दीडशे माणसं असतात, तुमच्या हौसेपायी त्यांचा जीव... वगैरे. लोक जमले. शेजारचा चहावाला म्हणाला, “काय बे शाम्या, इमानं पाडून राह्यला का?” सगळे हसले. मी त्यांना थांबवलं नाही. खरं सांगते, बरं वाटलं.

शामरावांनी चष्मा वर करून माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं. हळू आवाजात म्हणाले, “भारतीबाई, हा तीन वर्सापासून बंद हाय. झाकन तं उघडून पाहा.”

पंचांसमोर सेट तपासायचा, असा नियम आहे. चार स्क्रू होते. मी म्हटलं, “ऑफिसमध्ये पाहू.” आणि पंचनाम्यात लिहिलं – ‘सेट चालू स्थितीत आढळला.’ शामरावांनी सही केली. सेट गाडीत ठेवला आणि गाडीतल्या स्क्रीनवर तोवर दिसणारा सिग्नल गेला.

“सापडला म्हना,” गजूभाऊ म्हणाले.

संध्याकाळी ऑफिसात झाकण उघडलं. आत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं, जुनं, वाळलेलं. मुख्य ट्रान्झिस्टर काढून घेतलेला, तिथे नुसती भोकं. त्या सेटचा आवाज शेजारच्या खोलीतही पोचला नसता.

तेव्हा पहिल्यांदा मी क्लिप लावली. आधी खरखर. मग, अगदी स्वच्छ –

“भारतीबाई, हा तीन वर्सापासून बंद हाय. झाकन तं उघडून पाहा.”

क्लिप आठ दिवसांपूर्वीची. मेलची तारीख तीच, माझ्या पोचेचीही तीच. तेव्हा पिंपळगावात मला कोणी ओळखत नव्हतं. मी तिथे जाणार हे मलाच माहीत नव्हतं.

गजूभाऊंनी ऐकलं आणि खुर्ची ओढून बसले. “म्याडम, हे कोनाले सांगू नोका.”

मी नाही सांगितलं. अहवालात लिहिलं – ‘क्लिपमधील भाषा अस्पष्ट.’ ‘चालू स्थितीत’ हे शब्द तसेच ठेवले. ते खोडले असते, तर सिग्नल कुठून आला हे विचारलं गेलं असतं, आणि मला लोक हसले असते. पत्रकं वाटणाऱ्या पोरीला. त्यानंतर तक्रार आली नाही, त्यामुळे अहवाल सगळ्यांना खराच वाटला.

सहा महिन्यांनी गजूभाऊंकडून कळलं – शामरावांना नोटीस गेली. लोकांनी दुरुस्तीला वस्तू देणं बंद केलं. दुकानाला कुलूप लागलं.

मागच्या आठवड्यात त्यांच्या घरी गेले. सगळं सांगितलं, क्लिप ऐकवली. फोन कानाशी धरून त्यांनी दोनदा ऐकली.

“आवाज माहाच हाय.” चेहऱ्यावर आश्चर्य असं काही नव्हतं. “हे तुमच्यापाशी आंधीपासून होतं?”

“हो.”

“अन् झाकन कवा उघडलं?”

“त्याच दिवशी... संध्याकाळी.”

त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. “मंग याले सा महिने काऊन लागले, बाई?”

पंचनामा खोटा आहे, असं मी कार्यालयाला लिहून दिलंय. क्लिप जोडली आहे. कंत्राटाचं जे व्हायचं ते होवो. आवाज आठ दिवस आधी कसा आला, याचं उत्तर मी अजून शोधतेय, सापडलेलं नाही. शामरावांनी विचारलं त्याचं उत्तर मात्र मला ठाऊक होतं. चहा आला, तो प्यायले, आणि उठले.