ठमीच्या दाढा

दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून त्याने एकतीस वर्षं लोकांच्या कवळ्या घडवल्या. पुढच्या खोलीत डॉक्टर माप घ्यायचे आणि मागे हा प्लॅस्टरचा साचा, मेण, गुलाबी ॲक्रिलिक घेऊन जबडा उभा करायचा. पेशंटचं तोंड त्याच्या नजरेस कधी पडायचं नाही. त्यामुळे रस्त्यात कोणी हसलं की कवळीवाला आधी दात बघायचा आणि मग माणूस. लग्न राहूनच गेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची थोरली बहीण, एवढंच कुटुंब.

अक्का टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. आवाज खणखणीत आणि स्वभाव नाकावर माशी बसू न देणारा. पण दोन वर्षांपूर्वी छातीने दगा दिला. दहा पायऱ्या उतरल्या तरी भाता चालल्यासारखा श्वास चालायचा. जिने बंद झाले, मग मैत्रिणी बंद झाल्या आणि दिवसभर खिडकीशी बसून बाई चिडचिडी झाली. अशात समोरच्या बिऱ्हाडाने गाव सोडलं आणि जाताना पिंजऱ्यासकट एक गिनीपिग याच्या गळ्यात मारला.

"उंदीर आणलास घरात?" अक्का कडाडली. "आणि याचं शेपूट कुठे विसरलास?"

आठव्या दिवशी तोच उंदीर अक्काच्या मांडीवर झोपलेला होता. मादी होती. अक्काने तिचं नाव ठमी ठेवलं. फ्रिजचं दार उघडलं की ठमी अशी काही शीळ घालायची की खालचा शिंपी वर बघायचा. अक्का तिला काकडी चिरून द्यायची आणि टेलिफोन खात्यातल्या एकेका साहेबाची उणीदुणी ऐकवायची. घरात पुन्हा बोलणं सुरू झालं.

एकच अडचण होती. पिंजऱ्यातल्या वाळक्या गवताची धूळ उडायची आणि अक्काला खोकल्याची उबळ यायची. एके दिवशी ती उबळ थांबता थांबेना तेव्हा कवळीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या दिवशी त्याने गवत बंद केलं. अक्काला कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने भांडण काढलं असतं. दुकानातून त्याने दाणेदार खाद्याचं एक मोठं पोतं आणलं. पोत्यावर सगळी जीवनसत्त्वं ओळीने छापलेली होती, त्यामुळे तो निर्धास्त झाला.

वर्षभर सगळं ठीक चाललं.

मग एका दुपारी अक्का म्हणाली, "हिची हनुवटी सारखी ओली असते रे."

"पाणी पिताना सांडत असेल."

पण ठमी काकडीचा तुकडा तोंडात घ्यायची आणि खाली टाकायची. पुन्हा घ्यायची, पुन्हा टाकायची. त्याने तिला उचलून ओठ वर केला. पुढचे पटाशीचे दात लांब आणि तिरके वाढले होते. त्याचा जीव भांड्यात पडला. हे तर त्याच्याच हातचं काम! दवाखान्यातून बारीक चकती आणून त्याने दात असे सुबक कापले की अक्काने चार जणींना फोन करून सांगितलं. दोन दिवस ठमीने थोडं खाल्लंसुद्धा. त्या भरवशावर तीन आठवडे गेले.

चौथ्या आठवड्यात ती मागचा पाय टेकेना. उचललं की किंचाळायची. गुडघे सुजले होते आणि केसांची रया गेली होती. तेव्हा कुठे तो तिला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

बाईंनी तोंडात दिवा आणि कॅमेरा असलेली नळी घालून बराच वेळ पाहिलं. "पुढचे दात कोणी कापले?"

"मी. माझा धंदाच आहे तो."

"कापलेत छान, काका. पण दुखणं तिथे नव्हतं." त्यांनी पडद्यावर दाखवलं. खालच्या दाढा दोन्ही बाजूंनी आत वाढून जिभेवर कमानीसारख्या मिटल्या होत्या. जीभ खाली अडकलेली. "तिला नीट गिळताच येत नाहीये. यांच्या दाढा जन्मभर वाढतात, गवत चघळूनच झिजतात. गवत किती देता?"

"बंद केलं," तो म्हणाला.

"ढोबळी मिरची, कोथिंबीर?"

"काकडी देतो."

"काकडीत क जीवनसत्त्व कितीसं असणार? आपल्यासारखंच यांच्याही अंगात ते तयार होत नाही, रोज पोटात जावं लागतं. सांधे त्यामुळेच सुजलेत."

"पोत्यावर लिहिलं होतं, आहे म्हणून."

"पोतं कधीचं?"

"गेल्या वर्षीचं."

"मग त्यातलं केव्हाच उडून गेलं. वजन करत होतात का?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

भूल देऊन बाईंनी दाढा घासल्या. दुखणं कमी करायचं औषध आणि क जीवनसत्त्वाचे थेंब दिले. खाद्याची भुकटी पाण्यात कालवून बिनसुईच्या सिरिंजने दर तीन तासांनी भरवायला सांगितलं. "पोट रिकामं राहिलं की यांची आतडी थांबतात. मग कुणाचंच काही चालत नाही."

कवळीवाल्याने जिवाचं रान केलं. टोपली दवाखान्यात नेऊ लागला. साच्यांच्या शेजारी टॉवेलमध्ये ठमी बसलेली असायची. डॉक्टरांनी नाक मुरडलं, त्याने कानाडोळा केला. सिरिंज गालाच्या कोणत्या फटीतून सरकवायची हे त्याच्या बोटांना न शिकवता कळत होतं. घरी अक्का तिला स्वयंपाकघरातल्या काट्यावर बसवून वजन करायची. नवव्या दिवशी फ्रिज उघडला तेव्हा ठमीने एक बारीक शीळ घातली. अक्काने टाळ्या पिटल्या.

बाराव्या दिवशी जबड्याखाली गाठ लागली.

बाईंनी एक्स-रे काढून दिव्यासमोर धरला. दाढेच्या मुळाशी पू झाला होता आणि हाड पोखरलं होतं. त्या काही समजावू लागल्या, पण त्याला गरज नव्हती. असल्या हाडावर काहीही उभं राहत नाही हे तो एकतीस वर्षं बघत आला होता. तो बाहेर येऊन फोनवर बोलला.

"अक्का, काही उपयोग नाही. इथेच कायमची झोपवतो म्हणतात."

"घरी आण. एकदा बघू दे मला."

"दुखतंय तिला, अक्का."

फोनमधून तिचा श्वास ऐकू येत राहिला. "मग नको आणूस," ती म्हणाली.

संध्याकाळी रिकामी टोपली ठेवून त्याने तिच्यासमोर मन मोकळं केलं. पोटात ठेवणं त्याला जमलं नाही. "चूक माझी आहे. गवत मीच बंद केलं होतं. तुला खोकला यायचा म्हणून."

अक्काने वर पाहिलं. "म्हणजे माझ्यासाठी."

"तसं नाही गं..."

"नाही, कळलं."

त्या दिवसापासून अक्का त्याच्यासमोर खोकत नाही. उबळ आली की उशीत तोंड खुपसते. पलीकडच्या खोलीत त्याला सगळं ऐकू येतं. औषध घेतलंस का विचारलं, तर म्हणते, "मला काय धाड भरलीये?" साहेबांच्या गोष्टी तिने पुन्हा काढल्या नाहीत. दुसरा गिनीपिग आणू का, हे त्याने एकदा विचारलं. तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

सहा महिन्यांनी खालच्या शिंप्याने आपल्या मुलींसाठी गिनीपिगांची जोडी आणली. कवळीवाला मुद्दाम खाली गेला. पिंजऱ्यात गवत भरपूर हवं, ढोबळी मिरची रोज, वजन दर आठवड्याला, हनुवटी ओली दिसली की पुढच्या दातांवर जाऊ नका, थेट डॉक्टर गाठा, असं सगळं त्याने सांगितलं. तोंडात टाचण्या धरून शिंपी मान डोलावत होता. आठवड्याने पाहिलं तर पिंजऱ्यात पावाचे तुकडे पडले होते. त्याने स्वतः गवताची पेंढी नेऊन दिली. शिंप्याच्या बायकोने ती दारातूनच परत केली. "राहू द्या हो काका. शिवायच्या कपड्यांवर धूळ बसते."

पेंढी कचऱ्याच्या डब्यात टाकून तो वर आला तेव्हा त्याला धाप लागली होती.

"घेतलं त्यांनी?" अक्काने खिडकीतून न वळता विचारलं.

"घेतलं," तो म्हणाला, आणि हात धुवायला गेला.