सालवणीच्या कागदावरचं नाव

वाळवलेल्या झाडांना कसर लागू नये म्हणून आम्ही कपाटात डांबराच्या गोळ्या टाकतो. किश्शांना काही टाकावं लागत नाही. ते आपोआप टिकतात, आणि विसरायचे तेच जास्त! कोल्हापूरच्या एका कॉलेजात तीस वर्षं बॉटनी शिकवतोय, डोकं नुसतं भरलंय. त्यातले निम्मे शिवामामाचे. मामा म्हणजे आमचा लॅब अटेंडंट, उचगावचा. शिक्षण सातवी, पण रानातलं पान न् पान ओळखायचा.

माझा विषय जरा भानगडीचा. काही झाडांत, अळंब्यांत, बेडकांत निसर्गतःच अशी द्रव्यं असतात, जी माणसाला नसलेलं दाखवतात. ट्रिप्टामाइन्स म्हणतात त्यांना. मामा म्हणायचा, "सरांचं खातं म्हंजे भुताटकीचं!"

*

एकदा मामानं राधानगरीकडच्या रानातनं गव्याच्या शेणावरची अळंबी जेवणाच्या डब्यातनं आणली. झूलॉजीच्या सरांनी झाकण उघडलं. "वा मामा, आज काय खास?" म्हणून बोट घालणार, तोच मामा ओरडला, "थांबा सर! ती खाल्लीसा तर घरात जाऊन म्हशीला वैनी म्हणशीला!"

सरांनी पुढं वर्षभर कुणाचाच डबा उघडला नाही.

*

पुण्याहून केसांचा बुचडा बांधलेला एक तरुण आला. नेटवर वाचलं होतं म्हणे, बेडूक चाटला की साक्षात्कार होतो! मी समजावलं, "अरे बाबा, तो परदेशातल्या वाळवंटातला बेडूक. आपल्याकडच्याच्या विषानं हृदय बंद पडेल." तो ऐकेना.

शेवटी मामा पुढं झाला. "पावणं, चाटायचंच हाय तर आमचा मिरचीचा खर्डा चाटा की! देव बी दिसतोय आन् जीव बी वाचतोय."

*

मग सालवण. दशमुळाच्या काढ्यात असते ती, बाळंतिणीला देतात. तिच्या अर्काच्या चाचणीत मला हवा तो ट्रिप्टामाइनचा जांभळा ठिपका उमटला. मी आनंदानं ओरडलो. मामा म्हणाला, "म्हंजे माझ्या बायकोनं तीन बाळंतपणात हेच पिलंय? तरीच एवढी वर्षं नांदली माझ्यासंगं!"

काढ्यातलं ते द्रव्य पोटातच मोडून जातं, चढत नाही, हे मी सांगितलं. मामाला ते अजिबात पटलं नाही.

*

ती सालवण मामानंच अंगात ताप असताना पन्हाळ्याच्या उतारावरनं आणलेली. झाड वाळवून कागदावर चिकटवलं की खाली लेबल लागतं. नाव, ठिकाण, संग्राहक. डिपार्टमेंटातली सगळी लेबलं मामाच लिहायचा, मोत्यासारखं अक्षर! त्या दिवशी पेन हातात धरून म्हणाला, "सर, ह्या एकाच कागदावर माझं नाव घालू काय? आणलीया तर मीच."

स्टाफरूम भरलेली होती. मी म्हणालो, "आधी एमएस्सी करा, मामा!"

सगळे हसले. मामाही हसला, आणि खाली वाकून त्यानं संग्राहकापुढं माझं नाव लिहिलं.

एक ओळ होती हो! काय कमी पडणार होतं मला? त्याच ठिपक्यावर माझा पेपर निघाला, सत्कार झाला, फेटा बांधला. खुर्च्या मामानं मांडल्या. लेबल बदलू, दर सुट्टीत म्हणायचो. मामा रिटायर झाला, परवाच्या दिवाळीनंतर गेलासुद्धा. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

*

यंदा फर्स्ट इयरला मामाची नात आली. पहिल्याच आठवड्यात दारात उभी.

"सर, सालवणीचा कागद दावा की. आजोबांचं नाव हाय त्याच्यावर. घरात समद्यांस्नी सांगायचे. आजीला फोटो पायजे."

मी कपाट उघडून कागद तिच्यापुढं ठेवला. तिनं लेबल वाचलं. परत वाचलं. मी म्हणालो, "बाळ, चूक माझी आहे. हे नाव..."

तिनं मोबाइल काढला आणि लेबलाचा अगदी जवळून फोटो घेतला.

"असू दे सर. आजीला वाचता येत न्हाय. पण आजोबांचं अक्षर ती बरोब्बर वळखती."