सासूबाई आणि अधिकचं चिन्ह

माझ्या एका मित्राला आम्ही प्यादं म्हणतो. एकदा पुढे सरकला की मागे येत नाही.

बुद्धिबळाचा एक प्रोग्राम त्याने स्वतः लिहिला आहे. डाव चांगला असेल तर पडद्यावर अधिक, वाईट असेल तर उणे. कोणासाठी चांगला, हे मी विचारलं. मी साहित्य शिकलेला, मला असलेच प्रश्न पडतात.

"ज्याची पाळी, त्याच्यासाठी."

"म्हणजे प्रत्येक चालीला चिन्ह उलटणार?"

"उलटणारच. मशीनला ते सोपं पडतं."

"आणि माणसांना?"

"शिकतील."

बुद्धिबळ मंडळाने हॉलमध्ये त्याचा पडदा लावून बघायचं ठरवलं. लोकांना कळला तर कायम ठेवायचा, नाहीतर त्याने तो घरी न्यायचा. लग्नाआधीपासून तो या एका गोष्टीमागे होता. त्या रविवारी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला.

पटावर पांढऱ्या सोंगट्यांनी वहिनी, म्हणजे त्याची बायको. समोर मंडळाचे सेक्रेटरी. दोघं लाकडी आडोशापलीकडे. त्यांना पडदा दिसत नव्हता, पण ऐकू सगळं येत होतं. अलीकडे पहिल्या रांगेत त्याच्या सासूबाई.

वहिनींचा डाव जरा वरचढ होता. त्यामुळे त्यांनी चाल केली की पाळी सेक्रेटरींची, आणि पडद्यावर उणे.

"गेलं गं बाई," सासूबाई म्हणायच्या.

सेक्रेटरींनी चाल केली की अधिक. सासूबाई टाळ्या वाजवायच्या. मग पुन्हा उणे.

"जावईबापू, माझी मुलगी जिंकतेय की हरतेय, तेवढं सांगा."

"पाळी कोणाची आहे त्यावर आहे."

"हिच्या लग्नातही तुम्ही असंच काहीतरी बोलला होतात."

आडोशापलीकडे सेक्रेटरी कान देऊन होते. वहिनींच्या प्रत्येक चालीवर त्यांची आईच हळहळते आणि आपल्या चालीला टाळ्या पडतात, म्हणजे आपला डाव जोरात आहे, असं त्यांनी धरलं. ते खुशीत आले. सगळा सावधपणा सोडून त्यांनी घोडा देऊन टाकला. थोड्याच वेळात त्यांचा राजाही गेला.

ते आडोशाबाहेर आले तेव्हा कानापर्यंत लाल झाले होते.

"पांढऱ्याचं चांगलं असेल तेव्हाच अधिक. पाळी कोणाचीही असो. पुढच्या रविवारपर्यंत करा, नाहीतर पडदा उतरवा."

"मी मागे घेणार नाही," प्यादं म्हणालं.

वहिनी डबा भरत होत्या. "मग पडदा बेडरूममध्ये लावू. आई उठताबसता तुला विचारेल."

दुसऱ्या दिवशी चिन्हं बदलली.

पुढच्या रविवारी वहिनींकडे काळ्या सोंगट्या आल्या. पडद्यावर अधिक उमटलं आणि तिथेच राहिलं. लोक पडद्याकडे बघून माना डोलावत होते. या वेळी प्रेक्षकांत बसलेल्या सेक्रेटरींनी तो कायम ठेवायचं तिथेच सांगून टाकलं. सासूबाई तर इतक्या निवांत मी कधी पाहिल्या नव्हत्या. शेजारणीला म्हणाल्या, "आज पोरगी सुरुवातीपासून पुढे आहे."

मी प्याद्याच्या कानाला लागलो. "अरे, हे अधिक पांढऱ्याचं. वहिनी हरतायत. तू सासूबाईंना सांगितलं नाहीस?"

"नाही."

"शेवटी मागे आलासच ना तू?"

तो पडद्याकडेच बघत होता. त्याने पाय लांब केले.

"प्यादं मागे येत नाही," तो म्हणाला. "मारतं मात्र तिरकं."