सिनेमातून थेट समुद्रावर

हॉलंडमधल्या आल्मेरेहून लायडनच्या गाडीत बसलो, तेव्हा माझी नात इरा कानात इयरफोन कोंबून बसली होती. रविवारी माझं परतीचं विमान. दोन महिन्यांत ही अकरा वर्षांची पोर माझ्यासोबत एकदाही हसली नव्हती. मी मराठीत विचारायचं, तिने डचमध्ये दोन शब्द टाकायचे. म्हणून आजचा बेत : लायडनच्या छोट्या थिएटरात एक जुना फ्रेंच विनोदी सिनेमा. समुद्रकाठची सुट्टी, एक सभ्य, धांदरट गृहस्थ आणि संवाद जवळजवळ नाहीतच. भाषेची भानगडच नको!

हा सिनेमा मी बाविसाव्या वर्षी पुण्यात, फिल्म क्लबात पाहिला होता. पाहिला कसला, सोसला! खांद्याला शबनम, आणि हसलं की बुद्धीला कमीपणा, अशी आमची समजूत. पडद्यावर माणसं धडपडत होती आणि मी शहाणी अंधारात वहीत लिहीत होते, ‘आधुनिक माणसाचे एकाकीपण’. धन्य ती बया!

या वेळी मात्र डोळे पुसत हसले. काय कसब! नट नुसता चालतो आणि आपण लोळतो. इरा खुर्चीत खाली खाली सरकत गेली.

“आजी, प्लीज! एव्हरीवन इज लुकिंग.”

तिथून बसने काटवाइकला. वाळूच्या टेकड्या ओलांडल्या की समोर अफाट, रुपेरी समुद्र. वारा असा की किनाऱ्यावर आधी माझा पदर पोहोचला, मागून मी. इरा पतात (बटाट्याचे तळलेले काप) आणायला रांगेत राहिली. मी एका कॅफेच्या अंगणात शिरले. वीसेक माणसं गोल करून बसलेली, एक खुर्ची रिकामी. बसले.

शेजारच्या आजोबांनी हात पुढे केला. “खेफेलिसिटेर्ट!” (अभिनंदन!) मग पलीकडच्यांनी. एका बाईने तर गालांवर तीन पापे घेतले. किती अगत्याचे लोक! आपण कसं बसून राहायचं? उठले, एकेकाला वाकून नमस्कार केला, पिशवीतला बेसनलाडवांचा डबा फिरवला. मला केक आला, कॉफी आली.

इरा येऊन थबकली. “आजी, कोण आहेत हे?” चक्क मराठीत!

“मला काय माहीत? चांगले आहेत.”

“अगं, त्या आजोबांचा बर्थडे आहे! इथे सगळ्या पाहुण्यांचं अभिनंदन करतात!”

आणि ती पोट धरून खालीच बसली. हसता हसता तिने सगळ्यांना डचमध्ये उलगडा केला. सगळ्यांत मोठ्याने हसले ते वाढदिवसवाले आजोबा, आणि त्यांनीच इरासाठी खुर्ची ओढली.

परतीच्या गाडीत डबा रिकामाच होता. इराने स्कार्फचा पदर घेतला आणि एकेका सीटला नमस्कार घालत निघाली. आधी चष्मा वर, मग डावा गुडघा चाचपायचा, मग वाकायचं.

“मी अशी करते?”

“नेहमी!”

गुडघ्याचं मलाही ठाऊक नव्हतं. आणि मी समजत होते, पोरगी माझ्याकडे बघतच नाही.