ओकच्या खांबाला हळद

निर्माल्य रोज उचललं नाही की देवघराच्या कोपऱ्यात साचत जातं. आमच्या त्या घरातले किस्सेही असेच साचले. करोनाची, दोन हजार वीस-एकवीसची ती दोन वर्षं इतकी थकवणारी होती, की ते उचलायला कुणाला जमलंच नाही. आज बसलेच आहे, तर सांगते.

*

घर एनिस गावाच्या बाहेर. सगळा आयर्लंड दगडाची घरं बांधत असताना कुणा जमीनदाराने बायकोच्या हट्टापायी ओकच्या चौकटी उभ्या केल्या, मधल्या जागा कुडानं आणि चुन्यानं भरल्या. बाईला माहेरची, इंग्लंडची आठवण यायची म्हणे! आता ते संरक्षित वास्तू झालेलं. मालकीणबाई नोरा, वय ऐंशीच्या पुढे, खाली एकट्या राहायच्या. वरच्या खोल्यांत भाड्याने आम्ही तिघं: मी, आमचे हे आणि आमची लेक सई.

एकच घोर होता. हॉलमधला मुख्य खांब तडकला होता. करोनाच्या जरा आधी कौन्सिलचे इन्स्पेक्टर येऊन गेले. "तडा वाढत असेल तर घर रिकामं करावं लागेल. पुढच्या खेपेला मोजायचं यंत्र बसवतो," म्हणाले, आणि लॉकडाउनमध्ये अडकले. नोराबाईंचा जन्म त्याच घरातला. आणि आम्हाला त्या दिवसांत दुसरं घर कोण देणार होतं?

*

भिंतीत खिळा मारायची बंदी. सासूबाई नागपूरहून व्हिडिओवर म्हणाल्या, "अगं, मग देव कुठे टांगलेस?"

मी तोंड पाडून नोराबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "प्रेसमध्ये ठेव की, लव्ह!"

इथे कपाटाला प्रेस म्हणतात. मी ठेवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी हळूच विचारलं, "दार थोडं उघडं ठेवतेस ना? देवाला कोंडल्यासारखं व्हायचं."

*

श्रावणात सत्यनारायण केला. गुरुजी पुण्याहून झूमवर. आमची जमीन तिरकी, कारण ओकचं लाकूड ओलं असतानाच चौकट बसवतात आणि वाळताना ती हवी तशी वाकते. विड्याची पानं कुठली मिळायला! ताटलीत नुसती ठेवलेली गणपतीची सुपारी मंत्र सुरू झाला की घरंगळायची, ती थेट पलंगाखाली. हे दोनदा सोवळ्यात आडवे होऊन तिला घेऊन आले.

तिसऱ्यांदा गुरुजी कंटाळून म्हणाले, "वहिनी, प्रतिष्ठापना तरी होऊ द्या! विसर्जनाची एवढी काय घाई आहे त्यांना?"

*

जिन्यापाशी तुळईवर कुणीतरी रेघोट्या कोरलेल्या दिसल्या. आधीच घर जाईल की राहील अशी टांगती तलवार, त्यात हे! मी सईला धरलं.

"आई, इट वॉजन्ट मी, आय स्वेअर!"

तिला तशीच हाताला धरून खाली नेलं, नोराबाईंची माफी मागायला. त्या हसत सुटल्या. चौकट आधी जमिनीवर जुळवायची, प्रत्येक सांध्यावर खुणेचे आकडे कोरायचे, मग सुटी करून जागेवर उभी करायची, अशी सुतारांची पद्धत, त्या म्हणाल्या; त्याच या रेघोट्या. जोडायला लाकडी खुंट्या, लोखंडाचा खिळा नाही.

हे म्हणाले, "म्हणजे तेव्हाही फर्निचर नंबर बघूनच जोडायचे. फरक इतकाच, की त्यांचं टिकलं!"

सई मात्र दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

*

हीटिंग लावलं की लाकूड कडकड वाजायचं. यांच्या मीटिंगमध्ये एकदा मोठ्ठा आवाज झाला. मला वाटलं, खांबच गेला. हे घाईघाईनं म्हणाले, "सॉरी, आमचं घर आहे ते."

पलीकडून मॅनेजर थकल्या आवाजात म्हणाला, "ग्रँड, हरकत नाही. पण त्याला म्यूटवर राहायला सांग."

*

एकवीसच्या वसंतात इन्स्पेक्टर परत आले. वर्षभर मोजमाप झालंच नव्हतं. जिन्याच्या दारात मास्कच्या आडून म्हणाले, "तडा वाढला नाही याचा पुरावा नाही. पुरावा नसेल, तर मी धोका पत्करू शकत नाही. सॉरी."

नोराबाई खुर्चीचा हात धरून उभ्या होत्या.

मग ते खांबाच्या मागच्या बाजूला गेले आणि थबकले. "हे पिवळं काय आहे?"

आदल्या वर्षी वटपौर्णिमेला वड कुठून आणणार? बाहेर हिंडायचीही बंदी. हा खांब म्हणजे अख्खं झाडच, म्हणून नोराबाईंना विचारून मी त्यालाच सूत गुंडाळलं. न विचारता केलं ते वेगळंच. जखमेवर लावतो ना, तशी हळद लावली होती. चिकटावी म्हणून बेसन घालून, तड्यावरून आडवी, चांगली जाड बोटं ओढली होती. संरक्षित वास्तूवर!

"मी लगेच पुसते," मी फडकं घ्यायला वळले.

"हात लावू नका!" ते ओरडले. भिंग काढून गुडघ्यावर बसले. "कधीचं आहे हे?"

"गेल्या जूनचं."

ते इंच इंच बघत खाली सरकले. हे जिन्यावर लॅपटॉप छातीशी धरून उभे.

"कुठेच चिरलेलं नाही," इन्स्पेक्टर शेवटी म्हणाले. "तडा केसभर जरी रुंदावला असता, तरी हे फुटलं असतं. राहा तुम्ही."

नोराबाई मटकन खुर्चीत बसल्या.

यांनी वर आढ्याकडे पाहिलं. "सात जन्म मागितलेस ना? म्हणजे सातही जन्म भाड्याच्याच घरात!"

इन्स्पेक्टर निघाले, दारातून परत आले. जिन्याजवळच्या दुसऱ्या खांबाकडे बोट दाखवून जरा संकोचून म्हणाले, "त्यालाही एक बारीक तडा आहे. तेवढं लावाल का?"

मी म्हटलं, "लावीन की. पण ते असं केव्हाही नाही लावत. पौर्णिमा लागते, आणि उपास."

त्यांनी खिशातून फोन काढला.

"पुढची कधी आहे?"